सरावाची बॅग

छत्रीवाली : अहो, बसा ना. दारात काय पाहुण्यासारखे उभे? हे काय माझं घर आहे, मी या-बसा म्हणायला! तुमचंच पोलीस स्टेशन, तुमचाच बाक.

हवालदार : बसतो. चहा आणलाय, मावशी. गरम आहे.

छत्रीवाली : नको बाई आता चहा. कालपासून पोटात नुसता चहाच चाललाय. तुमच्या त्या शिपाई पोरी येतात, कप ठेवतात आणि तोच प्रश्न विचारतात. ना चहाची चव बदलत, ना प्रश्न. पण तुम्ही आलात, बरं झालं. मी सारखं म्हणत होते, हवालदारांना बोलवा, एका वाक्यात निकाल लागेल.

हवालदार : हो. म्हणजे... तब्येत बरी आहे ना?

छत्रीवाली : माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय! तुमची सांगा. काल चौकीतून असे पळत सुटलात की माझी मांडून ठेवलेली छत्री लाथेने उडाली. मी ओरडले, अहो हवालदार, काय झालं? तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत.

हवालदार : गडबडीत ऐकू नाही आलं.

छत्रीवाली : इतक्या वर्षांचा शेजार आपला. बसस्थानकातली तुमची चौकी आणि तिच्या भिंतीला टेकून माझं दुकान. तुमच्या छत्रीला नवी दांडी कुणी बसवली? आणि पैसे विचारले का मी कधी? निदान ‘पळा मावशी’ एवढं तरी म्हणायचं.

हवालदार : ऐकू आलं होतं.

छत्रीवाली : काय?

हवालदार : तुमची हाक ऐकू आली होती. पाय थांबले नाहीत.

छत्रीवाली : असो. जीव कुणाला नको असतो! माझे गुडघे धड असते तर मी तुमच्याही पुढे दिसले असते. फुटला नाही मेला तो बाँब, हे आपलं सगळ्यांचं नशीब. बरं, माझं बोचकं कुठे ठेवलंय? गिऱ्हाइकांच्या छत्र्या आहेत त्यात.

हवालदार : बाहेर व्हरांड्यात आहे. सुरक्षित आहे.

छत्रीवाली : तुमचं ‘सुरक्षित’ काल बघितलं मी. मोजून आहेत का?

हवालदार : सकाळपासून पाऊस लागलाय ना. मग आमच्यातल्या एकदोघांनी... तात्पुरत्या...

छत्रीवाली : वापरायला घेतल्या? अहो, लोकांनी दुरुस्तीला दिलेल्या वस्तू त्या! मी एवढी वर्षं उन्हात बसते, पण गिऱ्हाइकाची छत्री स्वतःच्या डोक्यावर धरली नाही कधी.

हवालदार : साहेबांना वरच्या कचेरीत जायचं होतं. गाडी फाटकाबाहेर उभी. बोचक्यातली सगळ्यात वरची छत्री उचलली त्यांनी. आणून ठेवतील.

छत्रीवाली : धन्य आहे. आणि घरी निरोप दिलात का माझ्या? नणंद एकटी आहे. तिला डोळ्यांनी दिसत नाही. मी आवाज दिल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं मीच तिला शिकवून ठेवलंय.

हवालदार : मी स्वतः गेलो होतो. दार वाजवलं. आतून विचारलं, कोण? मी म्हणालो, पोलीस.

छत्रीवाली : मग?

हवालदार : आतून आणखी एक कडी लावल्याचा आवाज आला.

छत्रीवाली : शाबास! आता वर खुर्ची लावून बसली असेल. अहो, माझं नाव नाही का घ्यायचं आधी?

हवालदार : घेतलं. तर म्हणाली, चोर पण नाव काढूनच येतात.

छत्रीवाली : तशीच आहे ती, हट्टी. आम्ही दोघी दिवसभर भांडतो आणि एकमेकींशिवाय घास उतरत नाही. कालपासून काही खाल्लं नसेल तिने. शेगडीला हात लावत नाही, भाजून घेईल म्हणून मीच बंदी केलीय. हवालदार, मला आता घरी जायला हवं. तुम्हाला विचारलं ना साहेबांनी? मग काय अडलंय?

हवालदार : तेच बोलायला आलोय. मावशी, साहेब म्हणतात, तुम्ही तेवढं एक वाक्य मागे घेतलंत तर लगेच घरी सोडतील.

छत्रीवाली : कुठलं वाक्य?

हवालदार : ते... मी म्हणालो ते.

छत्रीवाली : ‘आमचीच आहे’ ते?

हवालदार : हळू बोला.

छत्रीवाली : हळू कशाला? काल टीव्हीवाल्यांसमोर मोठ्याने सांगितलंय मी. एक माणूस तिकीट खिडकीपाशी निळी बॅग ठेवून चालायला लागला. मी हाक मारली, अहो दादा, तुमची बॅग! तर तो चालायचा तो धावायलाच लागला. मी गुडघे धरत तुमच्याकडे आले. तुम्ही हसलात. म्हणालात, ‘घाबरू नका मावशी, आमचीच आहे ती, परीक्षेची.’ आणि भाजीची पिशवी उचलावी तशी उचलून चौकीत घेऊन गेलात. यात मी काय खोटं सांगितलं? नुसतं एकच कळलं नाही मला. परीक्षेची म्हणजे कसली?

हवालदार : सराव असतो तो आमचा. मुख्य कचेरीतली माणसं साध्या कपड्यात येतात आणि गर्दीत एक बॅग ठेवून जातात. आत विटा असतात, वर रद्दी. पोलिसांना ती कधी सापडते, काय करतात, हे बघतात आणि गुण देतात.

छत्रीवाली : चांगलंय की.

हवालदार : आम्हाला आदल्या दिवशी फोन येतो. उद्या अमुक ठिकाणी, अमुक रंगाची.

छत्रीवाली : म्हणजे पेपर आधीच फुटलेला!

हवालदार : सगळीकडे तसंच चालतं. आपलं स्टेशन दर वेळी पहिलं येतं. भिंतीवर ती सगळी मानचिन्हं लावली आहेत ना, ती त्याचीच. या वेळी फोन आला होता, निळी बॅग, तिकीट खिडकीजवळ.

छत्रीवाली : आणि निळी बॅग तिकीट खिडकीजवळच सापडली.

हवालदार : हो. मी घेऊन आत आलो. साहेब आलेच होते, आज गुण मिळणार म्हणून. टेबलाखाली सारली. चहा मागवला. मी माझा डबा त्या बॅगेवर ठेवला, मावशी. टेबलावर जागा नव्हती म्हणून. मग कचेरीतला तो गुण देणारा माणूस आला. वाकून चेन उघडली. आणि म्हणाला, ‘ही आमची नाही.’

छत्रीवाली : अगं आई गं.

हवालदार : एवढंच म्हणाला. तोच पहिला पळाला. त्याच्या मागून आम्ही सगळे.

छत्रीवाली : मग तुमची विटांची बॅग कुठे होती?

हवालदार : पाण्याच्या टाकीमागे. खिडकीपाशी गर्दी फार होती म्हणून त्याने तिकडे नेऊन ठेवली होती. संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होती. कुणालाच दिसली नाही.

छत्रीवाली : हसू की रडू, कळत नाही मला.

हवालदार : बाँबवाल्या पथकाने येऊन खरी बॅग निकामी केली. बाहेर कॅमेरे जमले. साहेब पुढे झाले आणि म्हणाले, आमच्या हवालदाराने जिवावर उदार होऊन बॅग गर्दीतून बाजूला नेली. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, तर तेही त्यांना आवडलं. पेपरात आलंय, नम्र आहे म्हणून.

छत्रीवाली : आणि नेमकं तेव्हाच मी तोंड उघडलं.

हवालदार : वरून विचारणा झाली. ही बाई म्हणते, पोलिसांनी बॅग स्वतःची म्हणून सांगितली. सगळ्यांच्या आधी हिलाच कसं कळलं? ही कोण? मग तुम्हाला आणून बसवलं.

छत्रीवाली : आणि तुम्हाला विचारलं.

हवालदार : विचारलं.

छत्रीवाली : मग?

हवालदार : मावशी, चहा गार होतोय.

छत्रीवाली : चहाचं राहू द्या. काय सांगितलंत?

हवालदार : सांगितलं... मी तसं काही बोललोच नाही.

छत्रीवाली : थांबा जरा. मला समजून घेऊ द्या. मी इथे बसून कालपासून जप करतेय, हवालदारांना विचारा, हवालदारांना विचारा. माणूस चांगला आहे, सांगेल खरं काय ते. त्या पोरी एकमेकींकडे बघायच्या आणि खाली बघायच्या. मला वाटायचं, माझी दया येते त्यांना. त्यांना सगळं ठाऊक होतं! एवढ्या मोठ्या इमारतीत फक्त मलाच ठाऊक नव्हतं.

हवालदार : मी तुम्हाला काल बघितलं गाडीतून आणताना. खिडकीआड झालो.

छत्रीवाली : आणि आत्ता चहा घेऊन आलात तो कशाला?

हवालदार : साहेबांनी पाठवलं. म्हणाले, तुझं ऐकेल ती.

छत्रीवाली : ऐकेल! लाज नाही वाटली?

हवालदार : वाटतेय.

छत्रीवाली : वाटून मी काय करू तिचं? चहात बुडवून खाऊ?

हवालदार : बोला. काय वाटेल ते बोला मला.

छत्रीवाली : बोलून घेतलं की तुम्हाला बरं वाटेल. एवढी स्वस्ताई नाही इथे. घरी काय सांगितलंत बायकोला?

हवालदार : काही नाही. तिने पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला लावलाय. कपडे काढायला गेलो की मीच माझ्यासमोर उभा. कालपासून याच शर्टात आहे. लेकीच्या वर्गात बाईंनी तिला पुढे बोलावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, बॅग उचलताना तुम्हाला भीती नाही वाटली?

छत्रीवाली : मग काय म्हणालात?

हवालदार : म्हणालो, नाही वाटली. कालपासून तेवढं एकच खरं बोललोय.

छत्रीवाली : बोलवा तुमच्या साहेबांना.

हवालदार : कशाला?

छत्रीवाली : घेते मागे. सांगते, हवालदार काही बोलले नाहीत, म्हातारीला भास झाला. माझी नणंद उपाशी बसलीय अंधाऱ्या खोलीत. तिच्यापुढे तुमचं खरं नि खोटं मला काय करायचंय! आणि त्या पोरीने टाळ्या ऐकल्यात. तिच्या टाळ्या मी कशाला काढून घेऊ?

हवालदार : असं बोलू नका, मावशी. त्यापेक्षा शिव्या द्या.

छत्रीवाली : शिव्या द्यायला माणूस आपला वाटावा लागतो. एक मात्र सांगा, त्या मेल्याला पकडलं का?

हवालदार : कुणाला?

छत्रीवाली : कुणाला काय? बॅग ठेवून पळाला त्याला!

हवालदार : नाही अजून. पण तुम्ही सांगितलं असेल ना, दिसायला कसा होता वगैरे.

छत्रीवाली : कुणाला सांगू? कालपासून मला एकच विचारताहेत, हवालदार काय म्हणाला, कुणासमोर म्हणाला, तुला कुणी शिकवलं. तो माणूस कसा होता, हे अजून एकाने विचारलेलं नाही.

हवालदार : एकानेही नाही?

छत्रीवाली : तुम्ही तरी विचारलंत का आत्ता? आल्यापासून आपण तुमच्याबद्दलच बोलतोय.

(साहेब हातातली ओली काळी छत्री झटकत आत येतात.)

साहेब : काय पाऊस आहे! आणि काय ही छत्री. एक बाजू नुसती लोंबतेय, अर्धा खांदा भिजला. हं, झालं का रे तुमचं बोलणं? पटलं का बाईंना?

छत्रीवाली : पटलं, साहेब. हवालदार तसं काही बोलले नाहीत. गोंगाट होता, माझं वय झालंय. मीच आपलं काहीतरी धरून बसले.

साहेब : वा! समजूतदार आहात. हे बघा बाई, आमचा तुमच्यावर काही राग नाही, काय? वरून दडपण असतं. आता एवढंच बाहेर पोरींसमोर एकदा सांगा आणि जा घरी. आणि तू रे, तोंड काय पाडून बसलायस? उद्या आयुक्तांच्या हातून सन्मान आहे. शर्ट बदल.

छत्रीवाली : आणि तो माणूस, साहेब?

साहेब : कोण माणूस?

छत्रीवाली : बॅग ठेवणारा. मी बघितलाय त्याला.

साहेब : बाई, आत्ताच म्हणालात ना, तुमचा गोंधळ झाला? जी बाई एका गोष्टीत चुकते, तिच्या दुसऱ्या गोष्टीवर उद्या कोर्ट विश्वास ठेवील का? तो विषय सोडा. आम्ही कॅमेरे तपासतोय.

हवालदार : कॅमेऱ्यात काय दिसतंय, साहेब?

साहेब : पावसाचे दिवस. सगळ्यांच्या डोक्यावर छत्र्या. छत्र्याच दिसताहेत.

हवालदार : साहेब, मी बोललो होतो.

साहेब : काय?

हवालदार : ‘आमचीच आहे ती, परीक्षेची.’ हे मी बोललो. मावशी खरं सांगताहेत, पहिल्यापासून.

साहेब : तू जरा बाहेर चल.

हवालदार : नको, साहेब. बाहेर गेलो तर तुम्ही समजावाल आणि मला पटेल. मी तसाच आहे, हे काल कळलं मला. इथेच बोलू द्या. त्या एकट्याच आहेत त्याला बघितलेल्या. त्यांना आपण खोटं पाडलं तर तो सुटला. आणि त्याच्या हातून एकदा फुटला नाही म्हणून दर वेळी नाही फुटणार, असं थोडंच आहे?

साहेब : तुला कळतंय का पुढे काय होईल? पहिला प्रश्न हाच येईल, परीक्षेची आहे हे तुला आधी कुणी सांगितलं?

हवालदार : तुम्ही सांगितलं.

साहेब : आणि मला...?

हवालदार : तुम्हाला वरून. आता ते तुमचं तुम्ही बघा, साहेब. मी माझं सांगणार.

साहेब : अरे, सगळी स्टेशनं करतात. मी काय नवीन काढलं का? मी आलो तेव्हापासून हेच चालू होतं.

हवालदार : हो, साहेब.

साहेब : तुझी नोकरी जाईल.

हवालदार : जाईल.

साहेब : माझीही जाईल कदाचित.

छत्रीवाली : साहेब, तुम्ही बसा आधी.

साहेब : काल चहा मीच मागवला होता. टेबलाखाली पाय पसरले होते. माझे दोन्ही पाय त्या बॅगेवर होते, बाई. आरामात टेकवले होते. कालपासून बायकोला सांगतोय, पायांना मुंग्या येतात, वय झालं. ती तेल लावून देते. मी तिला सांगू शकत नाही की हे पाय कशावर होते.

छत्रीवाली : मग सांगा आज. लावू दे पुन्हा तेल.

हवालदार : मावशी, तो माणूस दिसायला कसा होता?

छत्रीवाली : विचारलंत एकदाचं! ऐका. तिशीच्या आसपासचा. सडपातळ, दाढी केलेली, कपडे चांगले. उजव्या भुवईत जुन्या जखमेची रेघ, तिथे केस नाहीत. बोलायला गोड. बराच वेळ माझ्यापाशी बसून होता, म्हणून तर नीट बघता आलं.

साहेब : तुमच्यापाशी? कशाला?

छत्रीवाली : गिऱ्हाईक म्हणून. छत्री दिली दुरुस्तीला. एक काडी मोडलेली, तीही मुद्दाम मोडल्यासारखी, ताजी. म्हणाला, संध्याकाळी नेतो. बसायला निमित्त हवं होतं त्याला, हे आता कळतंय.

हवालदार : ती छत्री कुठे आहे?

छत्रीवाली : सगळ्यात शेवटी आलेली, म्हणून बोचक्यात सगळ्यात वर ठेवली होती. काळी, लाकडी मुठीची. एक बाजू लोंबणारी.

हवालदार : साहेब, खाली ठेवा ती. हळूच. मुठीला हात लावू नका.

साहेब : आत येण्याआधी पुसली मी मूठ. रुमालाने, चांगली घासून. हातात घसरत होती.

छत्रीवाली : ठेवा, ठेवा. आता निदान उघडझाप करू नका. आतल्या पट्टीवर दुकानाचा शिक्का आहे, तो मी बघितलाय. नवी कोरी छत्री आहे, ज्याने विकली त्याला आठवेल कदाचित.

साहेब : हवालदार, चित्रकाराला बोलावून घे. भुवईची खूण नीट काढायला सांग. आणि मी वरच्या कचेरीत फोन करतो. सगळंच सांगतो. बाई, तुम्ही तेवढं चित्र होईपर्यंत...

छत्रीवाली : आधी घरी. नणंदेला दोन घास घालते आणि येते. कालपासून तुम्ही मला थांबवलंत, आता घटकाभर तुम्ही थांबा.

साहेब : जा. नाही म्हणायला तोंड आहे का मला? गाडी देतो.

छत्रीवाली : पोलिसांची गाडी नको दारात. हवालदार येतील बरोबर. यांनीच त्या दाराला दुसरी कडी लावायला लावलीय, यांनीच उघडवायची.

हवालदार : मी नको, मावशी. दुसऱ्या कुणाला तरी देतो बरोबर. त्या रस्त्यावर सगळे ओळखतात मला, पेपर वाचलाय सगळ्यांनी. मला आता कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

छत्रीवाली : माझ्या नणंदेला दाखवा. तिला दिसत नाही. चला.